एक कोटीचे चौतीस हजार सहाशे

फळा पुसायचा राहून गेला होता, तिथून हे सगळं सुरू झालं.

पुण्यातल्या एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये मी दर शनिवारी ‘सस्टेनेबिलिटी’ शिकवायला जाते. व्हिजिटिंग फॅकल्टी. तासावर मानधन, चहा कॉलेजचा, पार्किंग मिळालं तर आपलं नशीब. माझ्या आधी त्याच वर्गात कॉर्पोरेट फायनान्सचा तास असतो. ते सर जुन्या वळणाचे आहेत, जाताना फळा स्वच्छ पुसून जातात. त्या शनिवारी विसरले. मी आत शिरले तेव्हा पांढऱ्या बोर्डवर निळ्या मार्करने एक गणित तसंच होतं : पन्नास वर्षांनी मिळणारे १ कोटी रुपये, दर १२ टक्के, आजची किंमत ३४,६०२ रुपये. उत्तराभोवती दोनदा मारलेली चौकट. म्हणजे आज ३४,६०२ रुपये १२ टक्के चक्रवाढीने ठेवले तर पन्नास वर्षांनी त्यांचे १ कोटी होतात, म्हणून तेव्हाच्या कोटीची आजची किंमत एवढीच.

माझी पहिलीच स्लाइड होती ब्रुंटलँड अहवालाची. १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने केलेली ती सुप्रसिद्ध व्याख्या : भावी पिढ्यांना आपल्या गरजा भागवता येतील, त्यांच्या त्या क्षमतेला धक्का लागणार नाही, अशा बेताने आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवणं म्हणजे शाश्वत विकास. मी ती वाचून दाखवली. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅम, भावी पिढीचा रेट मागे लिहिलाय. चौतीस हजार सहाशे दोन.”

वर्ग हसला. मीही हसले. मग वळून मी तो फळा पुसला, आणि पुसताना वाटलं की आपण आत्ता नेमकं काय पुसतोय?

शब्दाचीच गंमत आधी सांगते. आपल्याकडे ‘सस्टेनेबल’ला ‘शाश्वत’ म्हणायची पद्धत पडली. शाश्वत हा कीर्तनातला शब्द. देह अशाश्वत, धन अशाश्वत, शाश्वत काय ते एक नाम. तो शब्द कंपनीच्या वार्षिक अहवालात ‘शाश्वत वृद्धी’ असा येतो तेव्हा मला दर वेळी बुवांची आठवण होते. दुसरा शब्द ‘टिकाऊ’. तो बोहारणीच्या तोंडचा, प्लॅस्टिकच्या बादलीला शोभणारा. खरं तर मूळ कल्पना त्याच्याच जास्त जवळची आहे, पण ‘टिकाऊ विकास’ म्हटलं तर एमबीएच्या मुलांना ते फारच स्वस्त वाटतं. त्यामुळे वर्गात आम्ही सगळे निमूटपणे ‘सस्टेनेबिलिटी’ म्हणतो.

हा विषय अभ्यासक्रमात आला कसा, हे मुलांना मी पहिल्याच तासाला सांगते, कारण तो आपोआप आलेला नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या पुरवणीत लिहिलं की धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणं. पुढची दोन-तीन दशकं बिझनेस स्कूलं बहुतांशी त्याच वाक्यावर चालली. जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये ‘ट्रिपल बॉटम लाइन’ हा शब्द काढला. नफ्याच्या ओळीखाली माणसं आणि पृथ्वी अशा आणखी दोन ओळी मांडा म्हणाले. (त्यांनीच २०१८ मध्ये, गाडी बिघडली की कंपनी ती परत बोलावते तसा, आपला शब्द परत बोलावला. लोकांनी तो हिशेबाच्या वहीत भरून टाकला, विचार बदलायला कुणी वापरलाच नाही, ही त्यांची तक्रार. हे मी मुलांना आवर्जून सांगते. स्वतःचाच शब्द मागे घेणारा माणूस या क्षेत्रात दुर्मीळ.) २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वं आली, ‘प्राइम’ म्हणतात त्यांना. जगभरच्या शेकडो संस्थांनी सह्या केल्या आणि दर दोन वर्षांनी प्रगतीचा अहवाल द्यायचं कबूल केलं. म्हणजे सुरुवातीपासूनच या विषयाच्या पाठीशी अहवाल लागलेला आहे.

आपल्याकडे खरा धक्का दिला तो कायद्याने आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली, हाच तो सीएसआर. मग सेबीने बाजारमूल्यात वरच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’, म्हणजे धंद्याची जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटी यांचा अहवाल, भरणं सक्तीचं केलं. नऊ तत्त्वं, पानांमागून पानं, पाणी किती घेतलं, किती सोडलं, वीज किती, कचरा किती, बायका किती, अपघात किती. हे भरायला माणसं लागली. माणसं लागली म्हटल्यावर प्लेसमेंट आलं, आणि प्लेसमेंट आल्यावर हा विषय इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक, म्हणून आला. माझी नोकरी तिथून निघाली, मी तक्रार कुठल्या तोंडाने करू!

माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी निम्मी पहिल्या दिवशी सीएसआर आणि सस्टेनेबिलिटी एकच समजतात. म्हणजे पैसे कसे कमावले याचा विषय त्यांना पैसे कसे वाटले याचा विषय वाटतो. जुलैत झाड लावायचं, खड्ड्याभोवती दहा जणांनी उभं राहायचं, एकाने फावडं धरायचं, फोटो काढायचा. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं झाड.

पण मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जे शिकवलं जातं ते ती नीट शिकतात. आठवड्याला दीड तास मी त्यांना भविष्य जपायला सांगते, आणि उरलेले वीस तास त्यांना ते कुठल्या दराने वितळतं हे शिकवलं जातं.

शिकवायला माझ्याकडे केस स्टडी असतात. सगळ्यात चालते ती फोक्सवॅगनची. मी आधी कंपनीचं नाव झाकून एक पान देते : डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी निर्देशांकात वाहन उद्योगात अव्वल ठरलेली कंपनी, पर्यावरण धोरण भक्कम, अहवाल जाडजूड. गुण द्या. मुलं सढळ हाताने देतात, आठ, नऊ. मग दुसरं पान. सप्टेंबर २०१५. त्या मानांकनाला महिनाही झाला नव्हता, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने उघड केलं की डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर बसवलंय, जे चाचणी चालू असल्याचं ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करतं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. वर्गात शांतता पसरते. मी विचारते, आपल्या गुणांचं काय करायचं? एकदा एक मुलगी म्हणाली, “मॅम, गाडीने जे केलं तेच आपण करतो. परीक्षा आहे कळलं की चांगलं वागतो.” मी तिला क्लास पार्टिसिपेशनचे पूर्ण गुण दिले.

दुसरा हमखास चालणारा प्रकार म्हणजे मासेमारीचा खेळ. ‘फिश बँक्स’. डेनिस मेडोज यांनी तयार केलेला, आता एमआयटीच्या स्लोन स्कूलने ऑनलाइनही आणलेला. वर्गाचे गट पाडायचे, प्रत्येक गट एक मच्छीमार कंपनी. होड्यांचा लिलाव होतो, दर वर्षी ठरवायचं की नव्या होड्या बांधायच्या का, त्या खोल समुद्रात पाठवायच्या की किनाऱ्याजवळ की बंदरातच ठेवायच्या. मासे वाढतात ते उरलेल्या माशांच्या प्रमाणात. जिंकायचं उद्दिष्ट एकच, शेवटी मालमत्ता जास्तीत जास्त. मी आजवर जितक्या वेळा हा खेळ घेतला तितक्या वेळा समुद्र रिकामा झाला. सहाव्या-सातव्या वर्षी जाळ्यात काही येईनासं होतं, आणि ज्याच्याकडे सगळ्यात जास्त होड्या तो सगळ्यात मोठ्याने ओरडतो की खेळात बग आहे.

या बॅचला मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. हर्णैची एक मुलगी होती वर्गात, दापोली तालुक्यातली. बोलायची फार नाही. तिच्या गटाने चौथ्या वर्षी सगळ्या होड्या बंदरात उभ्या केल्या. बाकीचे गट हसले. तिला कारण विचारलं तर म्हणाली, “आमच्याकडे जून-जुलै बंदीच असते ना मॅम. एकसष्ट दिवस. मासा अंडी घालतो तेव्हा. आणि सरकारने बंदी आणण्याच्या आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी होडी घालत नव्हतं.” मग थोडं थांबून, “पण आमच्याकडेसुद्धा आता मोठ्या घेरजाळ्यांचे पर्ससीनवाले आणि दिव्यांनी मासा ओढणारे एलईडीवाले आहेत. भांडणं होतात. बाबा म्हणतात, आपण थांबायचं आणि दुसऱ्याने न्यायचं.”

मी पुढच्या स्लाइडवर गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा सामायिक चराऊ रानाचा सिद्धान्त सांगणार होते : जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, म्हणून त्याचा नाश ठरलेला. त्यानंतरची स्लाइड एलिनॉर ऑस्ट्रम यांची, ज्यांनी गावोगावचे, बंदरोबंदरीचे दाखले देऊन सिद्ध केलं की लोक आपापसांत नियम करून सामायिक गोष्ट सांभाळू शकतात, आणि ज्यांना त्यासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्या तीन वाक्यांत दोन्ही येऊन गेले होते. मी स्लाइड दाखवल्या तरी, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न असतो.

खेळात तिचा गट हरला. बाकीच्यांनी तिचेही मासे नेले.

या वर्गात येण्याआधी मी सतरा वर्षं कारखान्यांत पर्यावरण विभागात काम केलं आहे. ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, कन्सेंट म्हणजे प्रदूषण मंडळाची परवानगी, मंडळाच्या भेटी, हे माझं रोजचं जेवण होतं. म्हणून मी दर बॅचला एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सांडपाण्याचा प्रकल्प दाखवायला नेते. नाव सांगत नाही. ज्यांनी दार उघडलं त्यांच्यावर दगड कशाला. मुलं आधी कॉन्फरन्स रूममध्ये बसतात, तिथे त्यांना हिरव्या रंगाची पीपीटी दाखवतात, सामोसे देतात. मग आम्ही मागच्या बाजूला जातो. तिथे वास असतो. पीपीटीत वास येत नाही, ही एकच गोष्ट मुलांच्या लक्षात राहिली तरी बस पुण्याहून नेल्याचं सार्थक झालं असं मला वाटतं.

ईटीपीचा ऑपरेटर बहुधा कंत्राटी असतो. ज्याच्या हातात सगळ्या कंपनीची ‘सस्टेनेबिलिटी’ असते त्याचा पगार कारखान्यात सगळ्यात खालचा. मागच्या भेटीत तिथल्या काकांनी मुलांना लॉगबुक दाखवलं. पाण्यातला सीओडी, म्हणजे घाण मोजायचं एक माप, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवा, ही मर्यादा मी बसमध्येच सांगून ठेवली होती. वहीत रोजचा आकडा : २४०, २३८, २४२, २३९, २४१. पानामागून पान. एका मुलाने कौतुकाने विचारलं, “इतकं स्टेडी कसं ठेवता?” काका माझ्याकडे बघून हसले. मी वहीवर बोट ठेवून मुलांना एवढंच म्हटलं, शाई बघा. सबंध महिन्याचे आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले. काका म्हणाले, “मॅडम, तुम्ही पण कंपनीतल्याच.”

होते. मी स्वतः अशा वह्यांवरून अहवाल केले आहेत. खोटे नव्हे, पण वहीच्या पलीकडे न बघता. वही वरती पाठवायची, वरचा माणूस ती एक्सेलमध्ये टाकणार, सल्लागार ती रंगीत करणार, आणि मुंबईत कुणीतरी तिला गुण देणार. ‘मोजल्याशिवाय सुधारता येत नाही’ असं आम्ही वर्गात शिकवतो. मोजणाऱ्याला सुट्टी कधी असते, हे शिकवत नाही.

भारतात हे वेगळ्या तऱ्हेने शिकवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही, उलट आपले प्रयत्न ‘सस्टेनेबिलिटी’ या शब्दापेक्षा जुने आहेत. आयआयएम अहमदाबादचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई पद सोडल्यावर १९७५ च्या सुमारास राजस्थानातल्या जवाजा भागात गेले, विणकर आणि चर्मकारांबरोबर काम करायला. व्यवस्थापन म्हणजे फक्त कंपन्यांचं नव्हे, हे त्यांना तिथे तपासून बघायचं होतं. १९७९ मध्ये वर्गीस कुरियन यांनी आणंदला ‘इर्मा’ काढली, तिथली मुलं आजही गावात राहून येतात. मुंबईच्या एसपी जैनमध्ये मुलांना कंपनीच्या इंटर्नशिपखेरीज स्वयंसेवी संस्थांत काही आठवडे काम करावं लागतं. हे सगळं चांगलंच. पण अशा मुलांशी मी बोलले आहे. गावाहून आल्यावर ती हलून गेलेली असतात, आणि सोमवारी व्हॅल्युएशनच्या, म्हणजे कंपनीची किंमत काढायच्या, तासाला बसतात. गावाचा अनुभव मनाच्या एका कप्प्यात, एक्सेल दुसऱ्या. मधलं दार कुणी उघडून देत नाही.

ते दार म्हणजे फळ्यावरचा तो आकडा, असं मला त्या शनिवारपासून वाटत होतं.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. कृष्णाकाठ. आजोबांची साडेतीन एकर काळी जमीन, एवढी कसदार की काठी रोवली तरी पालवी फुटेल असं गावात म्हणायचे. नदीवरून उपसा योजनेचं पाणी आलं आणि आजोबांनी सगळा ऊस केला. वीज रात्री यायची. मोटर चालू करायची, पाणी उसात सोडायचं आणि झोपायचं. एकरी साठ टनांपर्यंत त्यांनी काढला. त्या पैशात आत्याचं लग्न झालं, घराला स्लॅब पडला, बाबांचं आणि पुढे माझं शिक्षण झालं. मी आज जे इंग्रजी बोलते ते त्या उसाचं आहे.

वीसेक वर्षांनी जमिनीवर पांढरा थर दिसायला लागला. आधी बांधाच्या कडेला, मग मध्ये. पाणी मुरेना, पाय टाकला की रुतायचा, वाळलं की दगड. क्षारपड. आमच्याकडे चोपण म्हणतात. ऊस वीस टनांवर आला, मग खोडवं धरणंही परवडेना. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अशी हजारो एकर जमीन आहे. फार पाणी, निचरा नाही, खालचे क्षार वर येतात, एवढी साधी त्याची कृती. शिरोळ भागात जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून अशी रानं पुन्हा पिकाखाली आणली गेली. आमचं दीड एकर अजून तसंच पडून आहे.

फळा पुसला त्या शनिवारी रात्री घरी येऊन मी गणित केलं. वीस वर्षांनंतर होणारं एक लाखाचं नुकसान, १२ टक्के दराने आज किती? १०,३६७ रुपये. म्हणजे माझ्या आजोबांना कुणी फायनान्सचा माणूस सल्ला द्यायला बसला असता तर त्याने हेच सांगितलं असतं : आबा, पाणी सोडा. आजोबा चौथी शिकलेले. त्यांनी पाठ्यपुस्तकातलं उत्तर बिनचूक काढलं होतं. पूर्ण गुण.

पुढच्या शनिवारी मी चहाच्या वेळी फायनान्सच्या सरांना गाठलं. म्हटलं, सर, तुमचा आकडा माझ्या तासाला पुरून उरतो. ते हसून म्हणाले, “मॅडम, सॉरी, फळा पुसायला हवा होता.” मी म्हटलं, फळ्याचं नाही हो, दराचं बोलतेय. ते एकदम सावरून बसले. त्यांचं म्हणणं असं : बारा टक्के हे काही माझं भविष्याबद्दलचं मत नाही. कंपनीला भांडवल ज्या भावाने मिळतं तो भाव आहे. बँक आहे, शेअरहोल्डर आहे, त्यांना दुसरीकडे तेवढे मिळतात. मी दर खाली ओढला तर प्रकल्प होणार नाही, दानधर्म होईल. मला ते पटलं, आणि त्यामुळे जास्तच अस्वस्थ वाटलं.

शेवटी आम्ही ठरवलं, एक तास दोघांनी मिळून घ्यायचा. डीनना कळवलं नाही, कळवलं असतं तर समिती नेमली असती.

त्या तासाला सरांनी निकोलस स्टर्न आणि विल्यम नॉर्डहाउस यांचं भांडण मांडलं. स्टर्न यांनी २००६ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी हवामान बदलाच्या खर्चाचा अहवाल केला आणि साधारण १.४ टक्के दर धरला. म्हणाले, नातवाला फक्त उशिरा जन्मला म्हणून कमी लेखायचं कारण काय? येलचे नॉर्डहाउस, पुढे २०१८ चे नोबेल विजेते, म्हणाले की लोक बाजारात प्रत्यक्ष जसं वागतात त्याला धरून दर हवा, म्हणजे याहून बराच जास्त. सरांनी फळ्यावर तेच गणित पुन्हा केलं, फक्त दर बदलून. पन्नास वर्षांनंतरचे १ कोटी, १.४ टक्क्याने : आज जवळपास ५० लाख. चौतीस हजार आणि पन्नास लाख. मधे फक्त एका आकड्याचा फरक. मुलांनी मोबाइलवर करून पाहिलं, खरंच निघतंय का. मग त्यांनी केंब्रिजच्या फ्रँक रॅम्सी यांचा उल्लेख केला, ज्यांनी १९२८ मध्येच, वयाच्या पंचविशीत, लिहून ठेवलं की पुढच्यांचं सुख केवळ पुढचं म्हणून कमी मोजणं नैतिकदृष्ट्या टिकत नाही, ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येतं. मी सरांकडे बघतच राहिले. एवढी वर्षं हे त्यांच्याजवळ होतं आणि सिलॅबसमध्ये नव्हतं म्हणून खिशातच होतं.

मग आम्ही मुलांना त्याच ईटीपीचं गणित दिलं. पर्याय अ : स्वस्त प्रकल्प, पाणी मर्यादेपर्यंत शुद्ध करून नाल्यात सोडायचं. पर्याय ब : महाग प्रकल्प, पाणी पुन्हा वापरायचं. एक्सेलमध्ये दराचा चौकोन. ६ टक्के टाकलं की ब हिरवा, म्हणजे परवडणारा, १२ टाकलं की लाल. मुलं ते खेळण्यासारखं वर-खाली करत होती. मला वाटलं, झालं, दार उघडलं. तेवढ्यात लातूरचा एक मुलगा म्हणाला, “सर, दराचं जाऊ द्या. तुम्ही टँकरच्या पाण्याचा भाव वीस वर्षं तोच धरलाय.”

सर आणि मी एकमेकांकडे बघितलं. खरंच. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या शहरातल्या मुलालाच हे दिसावं. आम्ही भाव वाढवत नेला तेव्हा १२ टक्क्यालाही ब हिरवा झाला. आणि नाल्याच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्यासाठी त्या शीटमध्ये ओळच नव्हती. दर शून्य केला तरी त्यांची किंमत शून्यच आली असती. मी इतके दिवस आकड्यावर रागावले होते. ज्यांचा आकडाच धरलेला नाही त्यांच्याकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं.

म्हणून मी यंदा अभ्यासक्रमात एक केस स्वतः लिहून घातली, दोनच पानांची. अमेरिकन गालिच्यांच्या कंपनीची केस काढून तिच्या जागी. विलासराव साळुंखे पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार, त्यांचा धंदा अचूक मापनाची उपकरणं बनवण्याचा. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात फिरले, लोक रोजगार हमीची खडी फोडताना पाहिले, आणि नायगावला देवस्थानची पडीक जमीन घेऊन पाणलोटाचं काम सुरू केलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मुलांना मी एकेक करून वाचून दाखवते. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांचा. आणि ऊस लावायचा नाही.

पहिली प्रतिक्रिया ठरलेली : “हे स्केल होणार नाही.” दुसरी : “इन्सेंटिव्ह काय?” मी काही बोलत नाही. मग कुणीतरी हळूच म्हणतं की यात ओळ आहे. सगळ्यांसाठी ओळ आहे, ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्यासाठीसुद्धा. सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हेही मी सांगते; वीजबिलं थकली, पिढी बदलली, उसाचा मोह जवळच होता. ते लपवून ठेवलं तर माझी केसही त्या लॉगबुकासारखीच होईल.

परीक्षेत एक प्रश्न घातला. एका शेतकऱ्याची साडेतीन एकर जमीन, नदीचं पाणी आलंय, ऊस लावावा का, किती पाणी द्यावं. तुम्ही धराल तो दर लिहा आणि त्याचं कारण द्या. कुणी १२ लिहिले, कुणी ४, एकाने भावनेच्या भरात शून्य. हर्णैच्या मुलीने दराची जागा कोरी सोडून खाली लिहिलं होतं : “त्याच्यावर कर्ज किती आहे ते प्रश्नात दिलेलं नाही.”

मी पेपर बाजूला ठेवून बाबांना फोन लावला. विचारलं, आजोबांनी सगळाच ऊस का केला? थोडं कडधान्य, थोडी ज्वारी का नाही ठेवली? बाबा म्हणाले, “अगं, सोसायटी उसालाच कर्ज द्यायची भरपूर. कारखाना बिलातनं कापून घ्यायचा, त्यांची वसुली बिनघोर. ज्वारीवर कोण देतंय? आत्याचं लगीन काढलं हुतं आन् आधीचं देणं डोक्यावर. आबांना काय कळत नव्हतं हुय? पहिला पांढरा थर दिसला तवाच मला दाखवला हुता त्यांनी. म्हणाले, हे वाढणार.”

“मग?”

“मग काय. हप्ता हुता.”

थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्यांनी विचारलं, त्या दीड एकरात पाइप टाकायला माणूस बोलावलाय रविवारी, चर किती खोल घ्यायचे ते तुला कळतं ना, येतीस का?

मी हर्णैच्या मुलीच्या पेपरवर गुण लिहिले आणि रविवारची सकाळची गाडी बघायला लागले.